जड झालेला कापूर

सरांना 'साधारण' हा शब्द सहन होत नसे. 'अंदाजे', 'जवळजवळ' आणि 'बऱ्यापैकी' ही त्याची भावंडंही त्यांनी आपल्या वर्गातून कधीच हद्दपार केली होती. मला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. रत्नागिरीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "साताऱ्याहून यायला किती वेळ लागला?"

एस.टी.ने हाडन् हाड खिळखिळं केलं होतं. मी म्हटलं, "साधारण दिवस गेला."

"साधारण म्हणजे? हातात घड्याळ नव्हतं?"

"होतं की."

"मग ते कशासाठी बांधलंत?" असं म्हणून ते निघूनच गेले. पहिल्याच दिवशी हा माणूस माझ्या डोक्यात गेला. दहा मिनिटांनी ते परत आले, ते हातात किटली घेऊन. "चहा दीड कप आहे. तुम्ही दमलेले आहात, तुम्हाला एक कप. मला अर्धा पुरतो." त्यांनी तो खरोखरच खुणा केलेल्या काचपात्रातून मोजून ओतला. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'देशावरचे' झालो. माझं खरं नाव त्यांनी पाच वर्षांत कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

सर रसायनशास्त्राचे. वय सेहेचाळीस, उंच, किडकिडीत, आणि अंगात बारा महिने एकच काळा कोट. रत्नागिरीच्या घामट हवेत आम्ही सदऱ्याची बटणं सोडून बसायचो तेव्हाही तो कोट त्यांच्या अंगावर असायचा. त्याला कापराचा असा वास होता की सर व्हरांड्यातून यायच्या आधी तो येई आणि ते गेल्यावरही पाच मिनिटं रेंगाळे. त्यांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "पाच नाही, सात. मी पाहिलंय."

कापराचा वास यायचं कारण असं, की सर नऊ वर्षं कापूर तोलत होते. कापूर, डांबराची गोळी असल्या वस्तू वितळत नाहीत, ओल्या होत नाहीत. आहे त्या जागेवरून सरळ हवेत निघून जातात. ट्रंकेत ठेवलेली डांबराची गोळी काही महिन्यांत वाटाण्याएवढी होते हे घरोघरी माहीत असतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. सरांना वाटलं. अमुक अंशांवर किती कापूर हवेत जातो, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब किती, हे ते मोजत. आणि वेगवेगळ्या तापमानांच्या आकड्यांवरून, स्फटिकातून सुटायला कापराला किती उष्णता लागते ते काढत. ह्याला संप्लवन म्हणतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण संप्लवनासाठी कुणी नऊ वर्षं बसून राहतो हे रत्नागिरीत पहिल्यांदा पाहिलं.

वर्गात ते वेगळं सांगत. "आपल्या जिल्ह्यात घरटी एक माणूस मुंबईला जातो. कुणी हसत जातो, कुणाला एस.टी.त ढकलून बसवावं लागतं. घर सोडायला कुणाला किती रेटा लागतो ते मोजायचं यंत्र निघालं असतं, तर मी तेच मोजलं असतं. ते नाही, म्हणून कापूर मोजतो." मागच्या बाकांवरची मुलं हसत. त्यातली निम्मी पुढे मुंबईलाच गेली.

डांबराच्या गोळ्यांचं त्यांनी एकदा भलतंच प्रकरण करून ठेवलं. प्रयोगशाळेतली गोळी आणि ट्रंकेतली गोळी सारख्याच वेगाने झिजते का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी सहा ओळखीच्या घरांत एकेक गोळी तोलून, नंबराचा दोरा बांधून, साड्यांच्या ट्रंकेत ठेवायला दिली. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डबी घेऊन ती परत न्यायला जाऊ लागले. प्रिन्सिपॉलांच्या पत्नीने पहिल्या महिन्यात गोळी दिली, दुसऱ्या महिन्यात दिली, तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "अहो, ती विरली हो, मी दुसरी ठेवलीय. तीच न्या, सारखीच आहे." सर तिथेच ओट्यावर बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढे वहीत त्यांनी लिहिलं : 'गोळी क्रमांक चार. वारस नेमला गेल्याने निरीक्षण बंद.'

ती वही हा सरांचा खरा संसार होता. शाईने लिहायची, खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, आणि घडलेलं काहीही गाळायचं नाही. मी ती पुष्कळदा चाळली आहे. तापमानांच्या रांगांमधे मधूनच असं काही सापडे : 'सकाळी ११.४०. टाकीत पाल पडली. पारा तीन दशांश चढला. ११.४४ पाल काढली. पाल जिवंत.' मी विचारलं, "पाल जिवंत होती हे कशाला लिहायला हवं?" ते म्हणाले, "मेली असती तर लिहिलं असतं ना? मग?"

थर्मामीटरचा शून्य बरोबर आहे का हे तपासायला त्यांना दर शनिवारी बर्फ लागे, आणि बर्फ मिळायचा तो मिरकरवाड्याच्या बंदरात, मासळीसाठी आणलेला. सर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. काळ्या कोटातली ही उंच मूर्ती झाकणाचा डबा घेऊन लिलावाच्या गर्दीत शिरे आणि नाकाला रुमाल न लावता उभी राही. तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याशी त्यांचं मेतकूट जमलं होतं. नाखवा दर खेपेला विचारायचा, "मास्तर, मासली नको न् नुसताच बरफ? अवो, बरफाखाली हाय काय तां तरी बगा!" गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? प्रिन्सिपॉलांनी सरांना बोलावून अगदी आडवळणाने विचारलं. सर म्हणाले, "मी फक्त बर्फ आणतो." प्रिन्सिपॉल समजूतदारपणे म्हणाले, "हो हो. सुरुवातीला सगळे तसंच म्हणतात."

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एक गोष्ट मात्र नेता येत नव्हती. सरांचा पीएच. डी.चा प्रबंध. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा मिळणार नाही असं स्पष्ट कळवलं होतं. माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात प्रबंध गेला नाही, किंवा गेला आणि नापसंत झाला, की नऊ वर्षांचं काम कपाटात आणि सर जन्मभर नुसते सर. तोंडाने ते कधी काही बोलले नाहीत. पण एकदा त्यांच्या टेबलावरच्या टीपकागदावर मी त्यांचं नाव 'डॉ.' लावून तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं पाहिलं. माझी नजर गेलेली लक्षात येताच त्यांनी शाईची दौत उचलून त्यावर ठेवली आणि मला उगाचच हवेतल्या दमटपणाविषयी काहीतरी विचारलं.

आता शिवराम. शिवराम प्रयोगशाळेचा शिपाई, कुणबी घरातला, पस्तिशीचा. कामाला वाघ, पण हात जरा जड. आदल्या वर्षी त्याच्या हातून एक महागाचं काचेचं भांडं फुटलं तेव्हा प्रिन्सिपॉलांनी त्याला उभं करून सांगितलं होतं, "आणखी एक चूक, की घरी." येत्या जूनमधे तो कायम व्हायचा होता. घरी पाच तोंडं खाणारी. तराजूच्या खोलीच्या दारावर तर प्रिन्सिपॉलांच्या सहीची पाटीच होती, की परवानगीशिवाय आत शिरणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल. ती पाटी सरांनीच हट्टाने लावून घेतली होती. सर शिवरामला 'अरे तुरे' करत, पण आपली मोजमापं त्याच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसत. मला थेंब मोजायला बसवलं तर दर अर्ध्या तासाने येऊन बघत. शिवरामला बसवलं तर घरी जाऊन जेवत.

थेंब म्हणजे असं. एका मोठ्या बाटलीतून पाणी थेंब थेंब खाली पडे. जेवढं पाणी पडे तेवढी हवा दुसऱ्या टोकाने आत ओढली जाई. ती आधी आम्लातून जाऊन कोरडी होई, मग कापूर भरलेल्या वाकड्या काचनळीतून जाई आणि जाताना थोडा कापूर घेऊन जाई. नळी आधी तोलायची, चार दिवसांनी पुन्हा तोलायची. जितकी हलकी झाली तितका कापूर उडाला. उडणार किती, तर अठरा-वीस मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. चारही दिवस नळी टाकीतल्या पाण्यात बुडालेली, टाकीखाली स्पिरिटचा दिवा, आणि पारा हलता कामा नये.

त्या वर्षी नवरात्रात छत्तीस अंशांचं मोजमाप चालू होतं. ते झालं की आकडे पुरे, मग लिहायला बसायचं. मी दसऱ्याला साताऱ्याला गेलेलो. अष्टमीला लांज्याहून माणूस आला, की सरांच्या बहिणीला बरं नाही. सर नाइलाजाने एस.टी.त बसले. जाताना त्यांनी शिवरामच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि मिनिटाला किती थेंब हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. शिवरामने दोन दिवस घर पाहिलं नाही. दर तासाला पारा बघून भिंतीवर खडूने रेघ मारली. दसऱ्याच्या संध्याकाळी सर परतले तेव्हा एकही रेघ चुकलेली नव्हती.

मी परत आलो त्या सकाळी सर तराजूच्या खोलीत होते. दार लोटलेलं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि म्हणाले, "देशावरचे, जरा तुम्ही तोला."

मी तोललं. दोनदा तोललं. चार दिवस कापूर उडत होता, आणि नळी पहिल्यापेक्षा पाच मिलिग्रॅम जड झाली होती.

"वाढलं," मी म्हटलं.

"वाढलं," सर म्हणाले आणि खाली बसले.

पुढचे सहा आठवडे ह्या पाच मिलिग्रॅमनी आमचं डोकं खाल्लं. नळीत ओल शिरली म्हणावं, तर वाळवून पाहिली, नव्हती. आम्ल उडालं म्हणावं, तर तसंही नाही. सरांनी नळीत भिंगाने कोळी शोधला. आमचे संस्कृतचे प्राध्यापक म्हणाले, नवरात्रातला कापूर, त्याला पुण्य चिकटलं असेल. सरांनी हे गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग मागच्या नवरात्रांतल्या मोजमापांना का नाही चिकटलं?"

त्यांनी छत्तीस अंशांचं मोजमाप पुन्हा केलं. ते अगदी बरोबर, रेषेवर आलं. मी सुटकेचा श्वास टाकला. प्रिन्सिपॉल तर म्हणाले, "झालं ना? आता ते पहिलं गाळा. साठ आकड्यांतला एक गाळलात तर आभाळ कोसळणार नाही. आंब्याच्या पेटीतला नासका आंबा आपण काढतोच की."

सर म्हणाले, "आंबा नासला हे दिसतं, साहेब. आकडा नासला हे कोण ठरवणार? मला आवडला नाही म्हणून नासका? आणि पहिला का चुकला ते कळत नाही, तोवर दुसरा बरोबर आहे हे तरी मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

मी रात्री झोपताना त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली. डिसेंबर तोंडावर आला होता आणि हा गृहस्थ पाच मिलिग्रॅमसाठी नऊ वर्षं पणाला लावून बसला होता.

उलगडा झाला तो व्हरांड्यात, भर दुपारी. कुणीतरी तपासणीला येणार म्हणून शिवराम कॉलेजची पितळी घंटा घासत होता. सर आणि मी शेजारून चाललो होतो. सर जाता जाता म्हणाले, "घंटा छान झालीय रे."

शिवराम जरा रुसक्या आवाजात म्हणाला, "घंटेचा काय वो, सर. तुमची वजनां एवडी लखलखवली मी, तां तुमी कदी बोललावच नाय."

सर थांबले. "कुठली वजनं?"

"पेटीतली. खंडेनवमीला. सगल्या हत्यारांची पूजा केली, म्हटला सरांची वजनां का रावतील? पन ती काळी मिच्च दिसत व्हती. मग आमसुलाच्या पान्यात ठेवली न् सकाळी राख न् काथ्या लावून घासली. बायकोन सांगितलान, हंडे असेच निघतात."

मी डोळे मिटून घेतले. पितळ आमसुलाच्या आंबट पाण्यात रात्रभर ठेवून राखेने घासलं, तर काळेपणाबरोबर थोडं पितळही जाणार. कापूर वीस मिलिग्रॅम उडालाच होता. त्याहून जास्त वजनं झिजली होती. आणि हलक्या वजनांना तीच नळी जड वाटत होती, एवढंच. पुण्य नव्हतं, ओल नव्हती, कोळी नव्हता. नवमीच्या आधीचं तोलणं जुन्या वजनांनी, नंतरचं घासलेल्या. दोन्हींच्या कात्रीत सापडलं ते हे एकच मोजमाप. पुन्हा केलेल्यात दोन्ही तोलणी घासलेल्याच वजनांनी झाली, म्हणून ते बरोबर आलं.

मला वाटलं, आता सर फुटणार. सरांनी खिशातून पेन्सिल काढली. "पाण्यात किती वेळ होती?"

"आटाच्या ठोक्याला घातली, पाचाला काढली. तुमीच सांगितलाव ना, साधारन बोलायचा नाय."

"काथ्या नवा की वापरलेला?"

"नवा कोरा." शिवरामला आता चांगलाच हुरूप आला. "कुंकू मातर पेटीला लावला, सर. वजनांना नाय लावला. वजन वाढंल ना!"

सरांनी तेही लिहून घेतलं. मग पेन्सिल खिशात ठेवून ते म्हणाले, "चांगली घासलीस," आणि तराजूच्या खोलीकडे चालू लागले. आम्ही पेटी उघडली. देवघरातल्या उपकरणांसारखी लखलखत होती वजनं. ही पेटी सहा आठवडे आम्ही दोघे रोज उघडत होतो. सर आकडे बघत, मी काटा बघे. वजनांकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

आमच्या पदार्थविज्ञान विभागात प्रमाण वजनांची एक पेटी होती. खराब होईल ह्या भीतीने तिला आजवर कुणी हात लावलेला नव्हता. मी तिचं सील तोडलं. दोन दिवस आम्ही सरांचं एकेक वजन तिच्याशी ताडून पाहिलं आणि प्रत्येकाची झीज मांडली. ती बेरीज त्या जड झालेल्या नळीच्या आकड्याला लावली, आणि सरांनी आलेखाच्या कागदावर टिंब दिलं. ते रेषेवर पडलं. साठांतल्या कुठल्याही टिंबाइतकं नेमकं. सरांनी कोट काढून खुंटीला टांगला आणि नुसत्या सदऱ्यावर खुर्चीत बसून राहिले. तीन वर्षांत मी त्यांना कोटाशिवाय पहिल्यांदा पाहत होतो. कित्येक वर्षांनी मुंबईच्या एका ग्रंथालयात मला कापराच्या वाफेच्या दाबाचे छापील आकडे दिसले आणि मी ते सरांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. जुळत होते. ताडून पाहिल्याची मला नंतर लाजच वाटली.

प्रबंध वेळेत गेला. त्यात वजनं मधेच आमसुलाने घासली गेली हे लिहिलेलं होतं, झीज लिहिलेली होती, सगळं हिशेबवार होतं. कुणी घासली, तेवढं नव्हतं. त्याच पानामुळे परीक्षक जानेवारीत मुंबईहून स्वतः उपकरण बघायला आले. त्यांना बोट लागली होती. बंदरावर पडावातून उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक होता, पण माणूस सज्जन. सगळं बारकाईने पाहिलं, थेंब मोजले, मान डोलावली. सरांचे कान लाल झालेले मला दिसत होते. प्रिन्सिपॉल शेजारी बसले होते. शिवराम धुतलेली टोपी घालून चहाचा ट्रे घेऊन उभा होता. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं, त्यामुळे तो प्रत्येक वाक्याला आपला हसून मान हलवत होता.

परीक्षकांनी ते पान काढलं. आमसूल म्हणजे काय ते प्रिन्सिपॉलांनी समजावून दिलं. परीक्षक मनापासून हसले आणि सहज म्हणाले, "आणि हे केलं कुणी?"

शिवराम त्यांच्या पुढ्यात कप ठेवत होता. प्रिन्सिपॉलांनी मान वर केली.

"मी," सर म्हणाले.

परीक्षकांचं हसू मावळलं. "तुम्ही स्वतः? प्रयोग चालू असताना?"

"हो."

"पण का?"

"खंडेनवमी होती," सर म्हणाले.

मी तोंड उघडलं. सर माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "देशावरचे, साहेबांच्या चहात साखर कमी असेल. अर्धा चमचा घाला." मी साखर घातली. आजही मला त्याचं बरं वाटत नाही.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "एखाद्या अडाण्याने तुमच्या पाठीमागे हे केलं असतं, तर मी हसून पान उलटलं असतं. पण नऊ वर्षं तोलणारा माणूस मधेच आपली वजनं राखेने घासतो, तर मग बाकीच्या आकड्यांवर मी कसा भरवसा ठेवू?"

"तुमची शंका रास्त आहे," सर म्हणाले.

परीक्षकांना बोटीवर पोचवून परत येताना मी सरांवर तुटून पडलो. म्हटलं, "पाल मेली की जगली तेसुद्धा खरं लिहिणारे तुम्ही, आणि आज एवढं धडधडीत खोटं?"

"वहीत खोटं नाहीये," सर म्हणाले. "वहीत लिहिलंय : नवमी, शिवरामने वजने आमसुलाने घासली, आठ ते पाच. त्यांनी वही मागितली असती तर मी दिली असती. त्यांनी मला विचारलं." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "ती पाटी मीच लावून घेतली होती हो दारावर. आणि त्याने दोन दिवस घर पाहिलं नव्हतं."

मार्चात रजिस्टर पत्र आलं. ते शिवरामनेच आणून दिलं. सरांनी ते उभ्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तराजूच्या खोलीत गेले. दार लोटलं गेलं.

"काय आला वो?" शिवरामने मला हळूच विचारलं.

"नापसंत केला प्रबंध."

"सरांचा? कशापायी?"

माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी म्हटलं, "वजनांपायी."

शिवरामचा चेहरा उतरला. खरंच उतरला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग तो चुकचुकला. "तरी मना वाटतच व्हता. लई काळी पडलेली ती. मी एकदाच घासली, नऊ वर्सांत एकदाच. दरसाल माज्याकडं दिली असती, तर आज सर पास झाले असते."

मी त्याच्याकडे वळलो. आता सगळं सांगूनच टाकायचं असं ठरवून वळलो. तेवढ्यात दार उघडलं. सर उंबऱ्यात उभे होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खरंय, शिवराम," ते म्हणाले. "माझंच राहून गेलं. येत्या नवमीला आठवण कर. आपण दोघं मिळून घासू."